दोन ओळी आणि तीन दिवस: आमचं काम चार्टवर मोजणाऱ्यांना एक खुलं पत्र

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र सगळ्या इंजिनिअरिंग मॅनेजर, डिलिव्हरी हेड, व्हीपी मंडळींना, आणि जे कोणी दर सोमवारी डॅशबोर्ड उघडून कोणाच्या नावापुढे केवढी पट्टी आहे ते बघतात त्या सगळ्यांना. कोणा एकावर राग नाहीये. माझे आत्ताचे मॅनेजर तर बरे आहेत, ऐकून घेतात, पण ऐकून घेतल्यावरही चार्ट तोच राहतो म्हणून म्हटलं एकदा बसून सविस्तर लिहावं. मी चौदा वर्षं कोड लिहितेय, म्हणजे खरं सांगायचं तर चौदा वर्षं कोड वाचतेय आणि मधून मधून थोडा लिहितेय, आणि हे पत्र त्या वाचण्याबद्दलच आहे.

आधी काय झालं ते सांगते.

पूर्वी मी जिथे होते तिथे क्वार्टर संपला की एक मीटिंग व्हायची. मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांची नावं, प्रत्येकापुढे तीन आकडे: किती टिकेटं (नेमून दिलेली कामं) क्लोज केली, किती कमिट (कोडमधले जतन केलेले बदल), किती ओळी. एका क्वार्टरला माझी पट्टी सगळ्यात बुटकी. त्यातला एक आठवडा तर खास काढून दाखवला, तीन दिवस एकच टिकेट आणि शेवटी बदल किती, तर दोन ओळी. "काही ब्लॉकर होता का, मदत हवी होती का?" असं चारचौघांत विचारलं गेलं, आवाज अगदी गोड, पण बाकीचे आपापल्या लॅपटॉपमध्ये बघायला लागले त्यावरून काय समजायचं ते मी समजले.

ते तीन दिवस कसे गेले ते त्या मीटिंगमध्ये सांगता आलं नाही, आता सांगते. रात्री एक जॉब चालायचा, तो ग्राहकांची बिलं काढून पेमेंटच्या सर्व्हिसकडे पाठवायचा. महिन्यातून एकदा-दोनदा कुणाचे तरी एकाच बिलाचे पैसे दोनदा कापले जायचे. रोज नाही, सगळ्यांचे नाही, आणि माझ्या मशीनवर तर कधीच नाही. सपोर्टवाले पैसे परत करायचे, माफी मागायचे, टिकेट बंद करायचे. असं आठ महिने चाललं होतं, आणि दर वेळी ते बंद झालेलं टिकेट कोणाच्या ना कोणाच्या पट्टीत जमा होत होतं. हे मला नंतर कळलं तेव्हा हसावं की रडावं समजेना.

पहिला दिवस दोन्ही सर्व्हिसचे लॉग (कधी काय घडलं त्याच्या नोंदी) शेजारी शेजारी लावण्यात गेला. त्यांचा मेळच बसेना, आधी घडलेली गोष्ट नंतर दिसायची, आणि त्या दोन सर्व्हरच्या घड्याळांत चार सेकंदांचा फरक आहे एवढं कळायलाच दुपार उलटली. दुसऱ्या दिवशी पॅटर्न दिसला की दोनदा कापलेली सगळी बिलं महिनाअखेरची आहेत, म्हणजे लोड जास्त असतो आणि समोरची सर्व्हिस संथ चालते तेव्हाची. आमचा कोड तीस सेकंद वाट बघायचा, उत्तर नाही आलं की परत पाठवायचा. समोरचा मात्र एकतिसाव्या-बत्तिसाव्या सेकंदाला काम नीट पूर्ण करून बसलेला असायचा. म्हणजे आपल्याला वाटतंय निरोप पोचला नाही आणि तिकडे तो पोचून कामही झालंय. आता हे कुठल्याही नेटवर्कवर होतंच, म्हणून तर प्रत्येक विनंतीला एक आयडी देतात, समोरच्याने तोच आयडी परत पाहिला की त्याला कळतं की हे आपण मघाशीच केलंय. आणि आमच्या कोडमध्ये तो आयडी होता! मग गडबड कुठे, म्हणून अख्खा तिसरा दिवस. संध्याकाळी सापडलं. आयडी तयार करणारी ओळ रिट्रायच्या लूपच्या, म्हणजे परत परत प्रयत्न करणाऱ्या भागाच्या, आत होती. दर प्रयत्नाला नवा आयडी, म्हणजे समोरच्याच्या दृष्टीने दर वेळी नवं बिल. मी ती ओळ लूपच्या वर नेली. एक ओळ वजा, एक ओळ अधिक. त्यानंतर मी तिथे होते तोवर एकदाही कोणाचे पैसे दोनदा कापले गेले नाहीत.

टाइप करायला चाळीसेक सेकंद लागली असतील. तुमच्या चार्टवर ती चाळीस सेकंदच आली, बाकीचे तीन दिवस कुठे गेले याचा चार्टला पत्ता नाही.

हे दुखणं जुनंच आहे. १९८२ च्या सुरुवातीला ॲपलमध्ये लिसा नावाच्या कॉम्प्युटरचं काम चालू होतं, तिथल्या मॅनेजर लोकांनी ठरवलं की प्रत्येक इंजिनिअरने दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरून द्यायचं. बिल ॲटकिन्सनने त्याच सुमारास क्विकड्रॉ या ग्राफिक्सच्या कोडमधला एक किचकट भाग नव्याने सोपा करून लिहिला होता, तो जवळजवळ सहापट वेगाने चालायला लागला आणि कोड दोनेक हजार ओळींनी कमी झाला. त्याने फॉर्मवर आकडा लिहिला: उणे २०००. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं. ॲटकिन्सन असला की हे चालतं हो, आमच्यासारख्याने उणे आकडा लिहिला तर एचआरचा मेल येईल. आणि मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते, फॉर्म त्याच्याकडे मागणं बंद झालं, फॉर्म चुकीचा आहे असं कोणी म्हटल्याचं काही ऐकिवात नाही.

बरं, मोजायला लागल्यावर आम्ही काय करतो तेही प्रामाणिकपणे सांगते, कारण आम्हीही काही संत नाही. त्या मीटिंगनंतर दोन महिन्यांत अख्ख्या टीमच्या पट्ट्या उंच झाल्या. एका टिकेटची पाच टिकेटं, बटणाचा रंग एक टिकेट, बटणावरचा मजकूर दुसरं. स्पेलिंग दुरुस्तीचे वेगळे कमिट. एका पठ्ठ्याने तर फॉरमॅटर चालवून सगळ्या प्रोजेक्टमधल्या स्पेसेस बदलल्या, त्या आठवड्यात त्याच्या नावावर अकरा हजार ओळी, आणि पुढचे सहा महिने कुठलीही ओळ कोणी लिहिली म्हणून गिट ब्लेम करायला गेलं की त्याचंच नाव. मोजमाप हेच टार्गेट झालं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं, याला गुडहार्टचा नियम म्हणतात, अर्थशास्त्रातून आलाय, आम्ही तो न वाचताच सिद्ध करून दाखवला.

आणि यात भरडला गेला कोण, तर आमच्यातला एक सीनिअर. त्याची पट्टी कायम बुटकी, कारण त्याचा अर्धा दिवस दुसऱ्यांचे पीआर, म्हणजे मंजुरीसाठी आलेले कोडमधले बदल, वाचण्यात जायचा. नुसतं "छान आहे, मर्ज कर" नाही, तर ब्रँच उतरवून, चालवून बघून, "इथे नेटवर्क मधेच तुटलं तर काय होईल?" असं विचारणारा. त्याच्या रिव्ह्यूचा राग यायचा कधी कधी, खोटं कशाला बोलू. तो नोकरी सोडून गेला. नंतरच्या तीन महिन्यांत ऑन-कॉलचा फोन रात्री किती वेळा वाजला ते विचारू नका, त्याचाही चार्ट होता, पण तो दुसऱ्या टीमच्या डॅशबोर्डवर होता, त्यामुळे दोन चार्ट शेजारी ठेवून कोणी बघितलेच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की या धंद्यात जे काम सगळ्यात मोठं नुकसान वाचवतं ते न दिसणारं असतं. वाचणं, जुना कोड काढून टाकणं, बॅकअप खरंच परत येतोय का ते बघणं, काहीतरी खटकलं म्हणून मागे लागणं. यातलं काहीही केलं तर पट्टी वाढत नाही, आणि केलं नाही तर पट्टी कमीही होत नाही, एक दिवस थेट कंपनीच कमी होते.

कंपनी कमी होते हे उगाच बोलायचं म्हणून बोलत नाहीये. नाइट कॅपिटल नावाची अमेरिकन ट्रेडिंग फर्म होती. त्यांच्या सिस्टिममध्ये पॉवर पेग नावाचं एक जुनं फीचर होतं, २००३ पासून ते कोणी वापरत नव्हतं, पण कोड काढला नव्हता, राहू दे, कोणाला नडतंय. २००५ मध्ये आजूबाजूचा कोड इकडचा तिकडे हलवला, त्यात ऑर्डर किती पूर्ण झाली हे मोजून थांबवणारा भाग जागचा हलला, आणि जे फीचर वापरातच नाही ते परत टेस्ट कोण करतंय. मग २०१२ मध्ये नवीन काम आलं, आणि नवीन कामासाठी जो फ्लॅग (फीचर चालू-बंद करणारी खूण) वापरला तो नेमका जुन्या पॉवर पेगचाच. आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता, सात सर्व्हरवर टाकला, एक राहिला. झालं. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं झोपलेला कोड जागा होऊन ऑर्डरी सोडत सुटला, थांबायचं कधी हे त्याला माहीतच नव्हतं. ४५ मिनिटं. चाळीस लाखांवर सौदे, ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान, आणि पुढच्या वर्षी ती फर्म दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

यातल्या दोन गोष्टी मला झोपू देत नाहीत. एक म्हणजे त्या सकाळी बाजार उघडायच्या आधीच सिस्टिमने कर्मचाऱ्यांना ९७ मेल पाठवले होते ज्यात पॉवर पेगचा एरर लिहिलेला होता. कोणी बघितले नाहीत, कारण ते अलर्ट म्हणून बनवलेच नव्हते, नेहमीचा कचरा. (तुमच्या इनबॉक्समध्ये असे ऑटोमॅटिक मेल रोज किती येतात आणि त्यासाठी तुम्ही काय रूल लावलाय, मनातल्या मनात सांगा.) दुसरी म्हणजे गडबड चालू असताना घाबरून त्यांनी त्या सात चांगल्या सर्व्हरवरून नवा कोड काढून जुना परत ठेवला, म्हणजे एक सर्व्हर जे करत होता ते आता आठही करायला लागले. रोलबॅक करा हा सल्ला एरवी अगदी बरोबर असतो. पण आत काय आहे हे वाचलेलं माणूस त्या खोलीत नसेल तर आगीवर पाणी समजून तेल ओतलं जातं.

आता सांगा, २००४ मध्ये किंवा त्यानंतर कधीही त्या फर्ममधल्या कोणी एखाद्या गुरुवारी बसून पॉवर पेगचा कोड डिलीट केला असता तर त्याच्या पट्टीत काय दिसलं असतं? उणे काहीशे ओळी आणि फीचर शून्य. "बिझनेस व्हॅल्यू काय?" असा प्रश्न आला असता, आणि त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण जे घडलं नाही त्याचा स्क्रीनशॉट काढता येत नाही.

बॅकअपचंही तसंच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायच्या वेबसाइटच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, दिवसभर डेटाबेसशी झटून थकल्यावर, चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीपैकी साडेचारच्या आसपास उरले होते. बॅकअप होते की, एक सोडून चांगले पाच प्रकारचे. बघायला गेले तर एकही धड नाही. रोजचा डेटाबेस डंप व्हर्जन जुळत नसल्यामुळे गुपचूप फेल होत होता, बॅकअपची जागा रिकामी, आणि तो फेल झाल्याचे मेल पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून वाटेतच नाकारले जात होते. शेवटी वाचवलं कशाने, तर त्याच इंजिनिअरने सहा तास आधी टेस्टिंगसाठी म्हणून हाताने एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) घेतला होता त्याने. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच, बाकीचा आला.

पण त्यांनी पुढे जे केलं ते तुमच्यातल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. सगळा प्रकार जगासमोर लिहून ठेवला, डेटा परत आणायचं काम चालू असताना लाइव्ह दाखवलं, आणि रिपोर्टमध्ये त्या माणसाचं नाव नाही, नुसतं टीम मेंबर १. डिलीट त्याने मारलं हे खरं, पण पाच बॅकअप आहेत असं समजून ते खरंच चालतात का हे कोणी नियमित तपासलं नाही ही चूक कोणा एकाची नव्हती. मी जिथे जिथे काम केलं तिथे असं काही झालं असतं तर सकाळी पहिला प्रश्न "कोणी केलं?" हाच आला असता, चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि त्यानंतर पुढच्या वेळी ज्याच्याकडून चूक होईल तो पहिली दहा मिनिटं ती लपवायचा प्रयत्न करण्यात घालवेल. ती दहा मिनिटं किती महाग पडतात ते वरच्या पंचेचाळीस मिनिटांवरून बघा.

आणि एक उदाहरण देते, मग पुरे. मार्च २०२४. अँड्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करत होता, परफॉर्मन्स मोजत होता. त्याच्या लक्षात आलं की एसएसएचने (लांबच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू पण जास्त खातोय. अर्धा सेकंद! मी असते तर खांदे उडवले असते. तो मागे लागला, आणि धागा जाऊन पोचला एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या छोट्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड), जिच्यात कोणीतरी मुद्दाम बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, पेरला होता. ती लायब्ररी जवळजवळ सगळ्या लिनक्सवर असते. बॅकडोअरवाली व्हर्जन मोठ्या प्रमाणावर पसरायच्या आत पकडली गेली, नाहीतर जगातल्या कितीतरी सर्व्हरची किल्ली एका अनोळखी माणसाकडे गेली असती.

तो बॅकडोअर आत आला कसा ते तर अजून वाईट आहे. ती लायब्ररी एकच माणूस फुकट, आपल्या फावल्या वेळात सांभाळत होता. थकलेला होता, आपल्याला बरं नाहीये हे त्याने २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर सांगितलंही होतं. तरी लोक मागे लागलेले की अपडेट कधी, इतका उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. आणि त्याच सुमारास एक मदतीला तयार असलेला, नम्र, मेहनती "दुसरा" आला, दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला, आणि मग वार केला. जगभरच्या अब्जावधींच्या कंपन्या ज्या पायावर उभ्या आहेत त्याचा एक दगड एका दमलेल्या माणसाच्या हातात होता आणि कोणत्याच डॅशबोर्डवर त्याचं नाव नव्हतं. २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली मोठी चूक सापडली तेव्हा ओपनएसएसएल या लायब्ररीचं पण हेच निघालं होतं, अर्ध्या इंटरनेटचं कुलूप आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. दहा वर्षांत आपण काय शिकलो, वरातीमागून घोडं.

मला विचारायचंय ते असं: फ्रॉइंडने तो अर्धा सेकंद कोणत्या टिकेटखाली शोधला असता, तुमच्या बोर्डवर? किती स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे गुण) दिले असते? सकाळच्या स्टँडअपमध्ये "काल काय केलं" विचारल्यावर "एसएसएच जरा हळू वाटतंय, बघतोय" आणि दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं असतं, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हटलं नसतं का की हे पार्किंग लॉटमध्ये, म्हणजे नंतर बघायच्या यादीत, टाकू, आधी स्प्रिंट (थोड्या आठवड्यांचं ठरवून घेतलेलं काम) संपवू?

आता एआयचं. याच्याशिवाय आजकाल पत्र संपत नाही. मी वापरते, रोज वापरते, कंटाळवाणा कोड लिहून घ्यायला, अनोळखी लायब्ररी समजून घ्यायला छानच आहे. पण तुमच्यातल्या काहींनी लगेच गणित मांडलं की टाइप करायचा वेळ वाचला म्हणजे माणसं निम्मी किंवा तारखा निम्म्या. अहो, टाइप करण्यात वेळ जात होता कधी? चाळीस सेकंद विरुद्ध तीन दिवस, वर सांगितलंच. २०२५ मध्ये एमईटीआर या संस्थेने एक प्रयोग केला, १६ अनुभवी डेव्हलपर, त्यांच्याच ओळखीच्या ओपन सोर्स प्रोजेक्टमधली २४६ कामं, काही एआय वापरून करायची काही न वापरता. एआय वापरलं तिथे १९ टक्के वेळ जास्त लागला. आणि संपल्यावर त्या डेव्हलपरनाच विचारलं तर ते म्हणाले आमचा २० टक्के वेळ वाचला! आता हा एकच प्रयोग आहे, सोळाच माणसं, टूल्सही तेव्हापासून बदललीत, त्यावरून एआय वाईट असं मी म्हणणार नाही. पण स्वतःच्या वेगाचा अंदाज स्वतः काम करणाऱ्यालाच इतका चुकतो तर लांबून पट्टी बघणाऱ्याचा किती चुकेल. आणि आमच्याकडे जे बदललंय ते सांगते, पूर्वी दिवसाला दोन पीआर वाचायला यायचे, आता सात येतात, प्रत्येक मोठा, दिसायला स्वच्छ, कमेंट्स सुंदर, आणि पाठवणाऱ्याला विचारलं की ही अट इथे का आहे, तर तो म्हणतो थांब, विचारून सांगतो. कोणाला विचारून?! म्हणजे लिहिण्याचं ओझं गेलं ते वाचणाऱ्याच्या डोक्यावर आलं, आणि वाचणाऱ्याची पट्टी आधीच बुटकी.

आमच्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. टेक डेट, म्हणजे घाईत केलेल्या कोडचं साठलेलं कर्ज, हा शब्द आम्ही वाट्टेल तिथे वापरतो. वॉर्ड कनिंगहॅमने १९९२ मध्ये ती कर्जाची उपमा दिली तेव्हा त्यात परतफेडही होती, लवकर बाहेर पडण्यासाठी थोडं कर्ज घ्या पण ते फेडा असं. आम्ही मात्र जो कोड आपल्याला आवडत नाही त्याला टेक डेट म्हणतो आणि नव्या फ्रेमवर्कची हौस भागवायला तीन महिने मागतो, मग तुमचा विश्वास उडतो, आणि खरंच गरज असते तेव्हा तुम्ही नाही म्हणता. एस्टिमेटमध्ये दुपटीने वाढवून सांगतो कारण तुम्ही निम्मं करणार हे माहीत असतं, आणि तुम्ही निम्मं करता कारण आम्ही वाढवून सांगितलंय हे तुम्हाला माहीत असतं. हे नाटक दोन्हीकडून चालू आहे आणि दोघांनाही पाठ आहे.

मग हवंय काय. चार्ट ठेवायचा तर ठेवा, पण टीमचा ठेवा, माणसाचा नको. किती वेळा रिलीज केलं, त्यातले किती फसले, फसल्यावर किती वेळात उभे राहिलो, हे आकडे टीमला उपयोगाचे आहेत आणि त्यात एकट्यादुकट्याला फारशी लबाडी करता येत नाही. नावापुढच्या ओळी आणि कमिट मात्र अप्रेझलच्या खोलीत आणूच नका. दर स्प्रिंटमध्ये थोडा वेळ पाडकामाला द्या, न वापरलेले फ्लॅग, मेलेली फीचर्स, कोणी न वाचणारे अलर्ट, आणि ज्याने उणे ओळी केल्या त्याला "बिझनेस व्हॅल्यू काय" विचारू नका, नाइट कॅपिटल एवढं म्हणा स्वतःशी. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप खरोखर रिस्टोअर करून बघायचा, आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः त्या खोलीत बसा, काही करायचं नाही, फक्त बसा. पहिल्या वेळी नक्की काहीतरी फेल होईल, ते बघून चिडू नका. पोस्टमॉर्टेममध्ये, म्हणजे बिघाडानंतरच्या अहवालात, नाव नको. ज्या फुकटच्या लायब्ररीवर आपलं दुकान चाललंय त्यातल्या दोन-चार तरी निवडून त्यांना पैसे द्या किंवा आमच्यातल्या कोणाला आठवड्यातला एक दिवस तिकडे काम करू द्या. आणि वन-ऑन-वनमध्ये "या महिन्यात काय डिलिव्हर केलंस" विचारता ना, त्याच्या जोडीला "या महिन्यात काय वाचलंस, काय खटकलं" हेही विचारत जा. सुरुवातीला आम्ही गडबडू, सवय नाहीये.

२००१ मध्ये सतरा जणांनी एकत्र बसून ॲजाइल या सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला त्यात पहिलीच गोष्ट होती की प्रोसेस आणि टूल्सपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोठं. त्याच नावाखाली आज टूलमध्ये स्टेटस बदललं नाही म्हणून माणसाला मेल जातो. असो, हा विषय काढला तर वेगळं पत्र होईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक डेव्हलपर

ता. क. नवीन ठिकाणीही रिट्रायचा तसाच कोड होता, तो मी आल्या आल्या तपासला, तिथे ओळ बरोबर जागी होती. तरी वर एक कमेंट लिहून ठेवली की हा आयडी लूपच्या आत नेऊ नका, आणि का नेऊ नये ते तीन वाक्यांत. गेल्या आठवड्यात एका एआयने केलेल्या मोठ्या "साफसफाई"च्या पीआरमध्ये ती कमेंट उडाली होती आणि ओळ लूपच्या आत गेली होती, सगळ्या टेस्ट हिरव्या. टीममध्ये चार महिन्यांपूर्वी आलेल्या मुलाने रिव्ह्यूत पकडलं, पंचेचाळीस फायलींतून, अख्खी सकाळ घालवून. त्याच्या नावावर त्या दिवशी एकही टिकेट क्लोज झालेलं नाहीये, तेवढं अप्रेझलच्या वेळी बघा.